दादूचा कडक उपास

त्या दिवशी सकाळी खाडीवरून धुकं आलेलं. ठाण्याचं धुकं ते, त्यात अर्धा धूरच असतो, पण दिसायला धुकं. आमच्या कोपरीत जरा गार वारा सुटला की माणसं कानटोप्या घालून अशी बाहेर पडतात, जसा काही रात्री बर्फ पडलाय. मीसुद्धा घातलेली. दादूला माझा जुना स्वेटर घातलेला, पुढचे पाय बाह्यांत आणि मागचे मोकळे. गॅलरीतून समोरची इमारत दिसत नव्हती. त्या पांढऱ्यातून कुणाचा तरी कुकर तेवढा शिट्ट्या मारत होता.

अशा धुक्यात समोरचं दिसलं नाही तर माणसाचा दोष नाही. पण मला माझ्याच तोंडातलं दिसलं नाही, त्याला काय म्हणाल? बसा, सांगतो. हसायचं तर हसा, फक्त चहा सांडू नका.

दादू म्हणजे आमचा कुत्रा. आमचा म्हणजे खरा हिचा, माझ्या बायकोचा. मिठागरं होती त्या बाजूला कुठेतरी चिखलात पडलेलं पिल्लू ती पदरात घालून घेऊन आली. तेव्हा आमची बैठी घरं होती. मग घरं पडली, इमारत उभी राहिली, आम्ही वरच्या मजल्यावर गेलो, आणि दादूही आमच्याबरोबर लिफ्टने वर आला. लिफ्टला तो अजून भितो. मीपण भितो, पण मी तसं दाखवत नाही.

पुढे दादू म्हातारा झाला. एकेक करून त्याचे दात गेले. भाकरी दुधात भिजवून दिली तरी ती त्याच्या टाळूला चिकटायची, आणि तो गरीब तोंड करून आमच्याकडे बघायचा. मग ही काय करायची, भाकरीचा घास स्वतः चावायची, मऊ गोळा करायची आणि त्याच्या तोंडात सरकवायची. पोरांना तिने असंच वाढवलेलं. तुमच्या आयांनीही तुम्हाला असंच वाढवलं असेल, आता तुम्ही नाक मुरडू नका.

ही गेली. जाताना तिने मला दोनच गोष्टी सांगितल्या. तुळशीला पाणी घाल आणि दादूला चावून दे. तुळस मी एकदा वाळवली, खोटं कशाला बोलू. पण दादूच्या घासाला कधी चुकलो नाही. आता मलाही दात नाहीत. पण पोराने मला कवळी करून दिलीय. त्या दातांच्या डॉक्टरचे मी रोज सकाळी मनात आभार मानतो, कारण त्याने कवळी एकाला बसवली आणि जेवायला लागले दोघं.

एवढं ध्यानात ठेवा. कारण मी तेच विसरलो.

आमच्या खालच्या मजल्यावर प्रज्ञा राहते. तिचे वडील डोंबिवलीला केमिकल कंपनीत पाळीवर जातात. पोरगी कल्याणच्या कॉलेजात एम.एस्सी.ला. त्यांच्या घरात एवढी शिकलेली ती पहिलीच. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण ती मला कधी अडाण्यासारखं वागवत नाही. मी काही विचारलं की जिन्यात थांबून पूर्ण सांगते, हातात भाजीची पिशवी असली तरी.

तर एक दिवस ती वर आली आणि म्हणाली, आबा, मला दादूची थुंकी हवी आहे.

मी तिला आधी चहा दिला. म्हटलं पोरीला ताप आलाय की काय.

मग तिने नीट सांगितलं. तिला परीक्षेसाठी एक मोठं काम करायचं होतं, प्रोजेक्ट म्हणतात त्याला. वेगवेगळं खाणाऱ्या जनावरांचे पाचक रस किती जोरात काम करतात, ते तपासून एकमेकांशी ताडून बघायचं. बकरी पाला खाते, मांजर मांस खातं, माणूस सगळंच खातो. मग ज्याचं जसं खाणं तसा त्याचा रस असतो का? पोटातल्या रसांचं काम ती कॉलेजात करत होती. तोंडातल्या रसासाठी तिला जिवंत जनावरं पाहिजे होती. म्हशीची थुंकी तिने कल्याणच्या तबेल्यातून आणली, बकरीची नाक्यावरच्या मटणवाल्याकडून, मांजराची समोरच्या हिरूवहिनीच्या मनीकडून. मनीने त्या बदल्यात तिचा हात ओरबाडून काढला. राहिला कुत्रा.

मला समजावं म्हणून तिने ते माझ्या ओट्यावर करून दाखवलं. भाताची पेज घेतली, तिचं वरचं पाणी दोन बाटल्यांत घातलं. एका बाटलीत ती स्वतः थुंकली, लाजत लाजत, तोंड फिरवून. मग बाटल्या थोडा वेळ मुठीत धरून ऊब दिली आणि दोन्हींत जखमेला लावतात त्या आयोडीनचा थेंब टाकला. नुसत्या पेजेचं पाणी निळंकाळं झालं, शाई ओतल्यासारखं. थुंकीवालं पाणी पिवळंच राहिलं, पातळ चहासारखं.

म्हणाली, आपल्या थुंकीत एक रस असतो, तो पेज तोडून तिची साखर करतो. पेजच उरली नाही, मग रंग कशाला चढेल? म्हणून तर भाकरी खूप वेळ चावली की गोड लागते. मी म्हटलं, ते मला माहीत आहे, फक्त त्याला परीक्षा असते हे माहीत नव्हतं. ती हसली. मग म्हणाली, कुत्र्याच्या, मांजराच्या तोंडात हा रस जवळजवळ नसतोच. त्यांचं काम पुढे पोटात होतं. म्हणजे दादूची बाटली निळीकाळी व्हायला हवी.

जाताना तिने मला बजावलं. उद्या सकाळी मी येईपर्यंत त्याला दूध नाही, भाकरी नाही, बिस्कीट नाही. मी म्हटलं, पोरी, चिंता करू नको. एकादशी समज.

आता इथे तुम्ही मला सांगा. आपल्या घरात कुणाला उपास असला तर आपण त्याला कोरडा ठेवतो का? भात चालत नाही, भाकरी चालत नाही, म्हणून तर उपासाचं वेगळं काढून ठेवतो. ही असताना आमच्या घरात उपासाच्या दिवशी चूल जास्त वेळ पेटलेली असायची. आणि दादू तर मुकं जनावर, त्याने कोणाला नवस बोललेला नाही. पहाटे उठून तो माझ्या पायाशी येऊन बसला, बघायला लागला. दूध नाही, भाकरी नाही, बिस्कीट नाही, हे सगळं मी कबूल केलेलं, ते मोडणार नव्हतो. शेंगदाणे त्याला झेपले नसते. साबुदाणा घशात अडकला असता. मग मी एक रताळं उकडलं.

कवळी घातली, रताळ्याचा घास घेतला, चांगला बारीक चावला आणि त्याला दिला. खाऊन झाल्यावर ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं. पोरगी यायची होती ना, चांगलं दिसावं.

प्रज्ञा आली. तिने विचारलं, उपाशी आहे ना? मी म्हटलं, कडक उपास. तिने कापसाचा बोळा दादूच्या गालात फिरवला, बाटलीत घातला, बर्फाच्या डब्यात ठेवला आणि गेली. जाताना माझे आभार मानले. मीसुद्धा तिचे मानले. म्हातारपणी कुणी आपल्याकडे काही मागायला आलं की बरं वाटतं हो.

संध्याकाळी ती परत आली ती घाबरलेली. दादूची बाटली पिवळीच राहिली होती. माणसासारखी.

तिच्या सरांनी बघितलं आणि म्हणाले, तू बाटल्या बदलल्यास. कुत्र्याच्या बाटलीत माणसाची थुंकी गेलीय. ती म्हणाली, नाही गेली. सर म्हणाले, मग परत कर.

मला राग आला. आयुष्यात मी फार वेळा रागावलेलो नाही, मिठागरावर मुकादम शिव्या द्यायचा तेव्हासुद्धा नाही. पण या पोरीला कुणी वेंधळी म्हणतो म्हणजे काय? मी तिला म्हटलं, तुझ्या सरांना विचार, आमच्या दादूच्या तोंडात माणसाची थुंकी येणार कुठून?

हे मी म्हणालो. याच तोंडाने.

दुसऱ्या खेपेला मी जास्तच काळजी घेतली. पोराची परीक्षा असली की आई सकाळी दही-साखर हातावर देते, तसं मी रताळं अगदी निगुतीने चावलं, लोण्यासारखं केलं. प्रज्ञाच्या बाटलीत निळा रंग नावालासुद्धा आला नाही. मग तिने रिक्षा स्टँडवरच्या काळ्या कुत्रीची थुंकी नेली. ती पुस्तकात लिहिल्यासारखी निळीकाळी झाली. म्हणजे बाटल्या बरोबर, औषध बरोबर, आणि आमचा दादू तेवढा जगावेगळा.

असल्या गोष्टी इमारतीत लपून राहतात का? लिफ्टमध्ये एकाला कळलं की खालच्या मजल्यापर्यंत पोचतंच. आणि खरं सांगायचं तर एकाला मीच सांगितलं. मैदानातल्या बाकावर बसून मी दादूची चर्चा करायला लागलो. म्हणायचो, वर्षानुवर्षं आमच्याकडची पेज-भाकरी खाऊन याचं रक्तच बदललंय. लोक येऊन दादूला बघून जायचे. दादू झोपलेला असायचा, तरी लोक म्हणायचे, डोळ्यांत किती समज आहे बघा.

सगळ्यात पुढे गेली ती हिरूवहिनी. आमच्या समोरच्या दारात राहते, हिची जुनी मैत्रीण. दोघी मिळून मिठाच्या पाट्या वाहायच्या. तिचा नवरा पोशा माझा दोस्त होता, तोही बऱ्याच वर्षांपूर्वी गेला. हिरूवहिनीने दादूकडे नीट बघितलं, त्याच्या पांढऱ्या मिशांकडे बघितलं, आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "भावजी, ह्यो आमचा म्हातारा हाय."

मी म्हटलं, वहिनी, असं कसं असेल? तिने संध्याकाळी सुका बोंबील भाजून आणला आणि दादूपुढे चुरून ठेवला. दादूने चाटूनपुसून खाल्ला. झालं, पुरावा मिळाला. पोशालाही बोंबील आवडायचा. आता कोपरीत बोंबील कुणाला आवडत नाही, तुम्हीच सांगा. पण तिच्यापुढे बोलायचं कोणी?

त्या दिवसापासून दादूसमोर यायचं तर हिरूवहिनी डोक्यावर पदर घ्यायची. संध्याकाळी आमच्या उंबऱ्याशी बसायची आणि त्याला जुना हिशेब वाचून दाखवायची. तुमी माझ्या भावाच्या लग्नाला आले नाय. तुमी माझी बकरी मना न विचारता दिली. दादू ऐकून घ्यायचा. मध्येच सुस्कारा टाकायचा. ती म्हणायची, बघा, आता पस्तावतंय.

मी मनात हसायचो. पण त्यातही मला बरं वाटायचं, हे कबूल करतो. ही गेल्यापासून माझ्या घरात संध्याकाळी कुणी बोललं नव्हतं. आता कुणीतरी भांडत होतं. भांडण माझ्याशी नव्हतं, ही तर देवाची कृपाच.

पण या सगळ्यात प्रज्ञा वाळत चाललेली. तिची अडचण वेगळी होती. कुत्र्याचा हा निकाल पुस्तकात बसत नव्हता. परीक्षा घ्यायला बाहेरचे लोक येणार, ते पहिला प्रश्न हाच विचारणार. सरांनी तिला स्पष्ट सांगितलेलं, एकतर हा कुत्रा खरा आहे असं सिद्ध कर, नाहीतर सगळं पहिल्यापासून कर. पहिल्यापासून म्हणजे वर्ष गेलं. डोंबिवलीच्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी ठरल्यासारखी होती, पण पास झाल्यावर. तिचे वडील पाळीवरून आले की जिन्यात मला विचारायचे, आबा, काय होईल हो? मी म्हणायचो, दादू आहे, काळजी कसली.

शेवटी सर म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो. तोच हा धुक्याचा दिवस.

सर घोडबंदर रोडला राहतात. सकाळी लवकर निघून कॉलेजला जाता जाता आमच्याकडे यायचं ठरलं. प्रज्ञा उजाडायच्या आधीच वर आली. सरांनी तिला सांगितलेलं, कुत्र्याजवळून हलायचं नाही. ती दादूशेजारी जमिनीवर बसली, गुडघ्याला मिठी मारून. रताळं मी उकडून ठेवलेलं, पण म्हटलं, पाहुणे यायचेत, त्यांच्या आधी आपण कसं खायचं? सर येतील, चहा होईल, मग दादूला देऊ. कोपरीची रीत आहे ही. पाहुण्याच्या आधी घरातलं कुणी तोंड हलवत नाही.

सर घोडबंदरच्या गर्दीत अडकले. धुक्याने गाड्या गोगलगाईसारख्या. प्रज्ञाचा फोन वाजायचा, ती म्हणायची, अजून तिथेच आहेत. दादू माझ्याकडे बघायचा, मी रताळ्याकडे बघायचो. हिरूवहिनी पदर घेऊन दारात येऊन बसलेली. नवऱ्याची परीक्षा होती ना.

सर आले तेव्हा ऊन पडायला लागलेलं. चाळिशीचे, सडपातळ, बोलायला गोड. चहा नको म्हणाले, उशीर झालाय. आल्याबरोबर पिशवीतून बाटल्या काढल्या. मला वाटलं, चहाच नको म्हणाले तर मग रताळ्याचं काय? पण ते तोवर दादूच्या गालात कापूस फिरवत होते.

पेजेचं पाणी. बोळा. मूठ बंद. मग थेंब.

निळंकाळं.

सरांनी बाटली उजेडात धरली, हलवली, परत धरली. मग ते प्रज्ञाकडे वळले. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "म्हणजे बाटल्या बदलल्याच होत्या ना, प्रज्ञा?"

पोरगी नुसती दादूकडे बघत राहिली. तिचा खालचा ओठ मला दिसला, आणि मला वाटलं, आता आपण गप्प बसलो तर वरून ही मला विचारील, पोरीसाठी काय केलंस?

मी म्हटलं, "सर, थांबा. ही तपासणी बरोबर नाही झाली. सकाळपासून त्याच्या पोटात काही नाही."

सर म्हणाले, "आजोबा, उपाशीच हवा असतो तो."

मी म्हटलं, "उपास आहेच हो त्याला. पण उपासाचं खाल्लं नाही तर अंगात बळ कुठून येणार? दर वेळी ते खाऊनच तर तो तपासणीला बसतो."

प्रज्ञाने मान वर केली. "आबा, काय खाऊन?"

"रताळं," मी म्हणालो. "दूध नाही, भाकरी नाही, बिस्कीट नाही. मी शब्द मोडलेला नाही पोरी."

आणि सगळ्यांची खात्री पटावी म्हणून मी आत गेलो. रताळ्याची थाळी घेऊन बाहेर आलो. सरांच्या समोर मांडी घालून बसलो. खिशातून कवळी काढली, पेल्यात बुचकळली, तोंडात बसवली. मोठा घास घेतला. सगळे बघत होते म्हणून मी जरा जास्तच वेळ चावला, उगाच कमी पडायला नको. मऊसूत गोळा झाला, तो बोटावर घेतला आणि दादूच्या तोंडात दिला. फडक्याने त्याचं तोंड पुसलं. मग सरांना म्हटलं, आता घ्या.

खाली रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी भाड्यावरून वाद घालत होता, त्याचा शब्द न्‌ शब्द वरपर्यंत येत होता.

सरांनी दुसरा बोळा घेतला. दादूच्या गालात फिरवला. पेजेचं पाणी, मूठ, थेंब. पिवळं. पातळ चहासारखं पिवळं.

मी म्हटलं, "बघा. सांगितलं नव्हतं?"

काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी माझी छाती कशी फुगलेली. मला वाटलं, वाचवली पोरीला. प्रज्ञाने दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं, तिचे खांदे हलत होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, रडू नको, झालं ना सगळं नीट. तिने हात काढले तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होती. सर तर भिंतीला टेकलेले. त्यांचा चष्मा खाली आलेला, तो वर घ्यायचं भान नव्हतं.

मला कळेना. हसण्यासारखं कुणी काही बोललंच नव्हतं.

मग सरांनी चष्मा पुसला, माझ्यासमोर माझ्यासारखीच मांडी घातली आणि विचारलं, "आजोबा, एक बोळा तुमच्या तोंडात फिरवू का?"

मी म्हटलं, फिरवा. कवळी ठेवू की काढू? ते म्हणाले, ठेवा. माझी थुंकी पेजेत गेली. तिने पेजेचा असा काही फडशा पाडला की सर म्हणाले, आमच्या कॉलेजातल्या तरण्या पोरांचीसुद्धा एवढ्या जोरात चालत नाही. तेव्हा कुठे, हळूहळू, जिन्याची एकेक पायरी चढावी तसं माझ्या डोक्यात उजाडत गेलं. भाकरी चावली की गोड का लागते, ते मला माहीत होतं. कुत्र्याच्या तोंडात रस नसतो, हे प्रज्ञाने सांगितलेलं. दादूच्या तोंडात माणसाची थुंकी येणार कुठून, हे तर मीच विचारलेलं, ते पण रागावून. उत्तर रोज सकाळी माझ्याच तोंडात होतं आणि मी ते चावून चावून कुत्र्याला देत होतो.

मी प्रज्ञाला हात जोडले. म्हटलं, पोरी, मी तुझं वर्ष बुडवत होतो.

तिने माझे हात खाली केले. "आणि आत्ता वाचवलंत, आबा. तुम्ही ते रताळं आणलं नसतं, तर मी जन्मभर बाटल्या बदलणारीच राहिले असते."

सर उभे राहिले आणि तिची माफी मागितली, माझ्यासमोर, साध्या शब्दांत. म्हणाले, बाटल्या बरोबर होत्या, तुझा हात स्वच्छ आहे, माझंच चुकलं. हा दादू तुझ्या कामातून काढायचा नाही. उलट त्याच्यावर एक पूर्ण पान लिही, चूक कशी घडली आणि कशी सापडली. परीक्षेला येणारे लोक बाकी सगळं विसरतील, हे पान विसरणार नाहीत. मग त्यांनी चहा मागितला. दोन कप प्यायले. उरलेलं रताळंही खाल्लं. ते न चावलेलं होतं, मी दोनदा सांगितलं त्यांना.

प्रज्ञा पास झाली. पेढे घेऊन वर आली तेव्हा तिने प्रोजेक्टचं जाडजूड पुस्तक मला हातात घ्यायला दिलं. पहिल्याच पानावर आभार असतात म्हणे. तिने बोट ठेवून वाचून दाखवलं, आई-वडिलांचं नाव, सरांचं नाव, आणि त्यांच्या खाली माझं आणि दादूचं. माझं नाव छापलेलं मी याआधी रेशनकार्डावर आणि लाईट बिलावरच पाहिलेलं. मी त्या पानावर हात फिरवला. आभार खरं तर मी मानायचे. माझ्या चुकीवर ती रागावली असती तर तिला हक्क होता. ती हसली, आणि त्या हसण्यात मला आणि दादूला शेजारी बसवून घेतलं. हीसुद्धा असती ना, तर तिने पदराने डोळे टिपले असते आणि मग मला म्हणाली असती, तुळस वाळवली ते पण छापायला सांग.

दादू अजून आहे. घास अजून मीच चावतो. आता कुणी बोळा घेऊन येत नाही, म्हणून तोंड पुसायचं तेवढं कधी कधी राहतं.

पण त्या धुक्याच्या सकाळचं एक सांगायचं राहिलंच. सर गेले, प्रज्ञा त्यांना खालपर्यंत सोडायला गेली. मी थाळी उचलत होतो. बघतो तर हिरूवहिनी अजून दारातच बसलेली. तिने एकदा दादूकडे बघितलं. एकदा माझ्याकडे, माझ्या कवळीकडे बघितलं. मग सावकाश उठली, डोक्यावरचा पदर खाली घेतला, कमरेला घट्ट खोचला आणि म्हणाली,

"भावजी, इतके दिस मी पदर घेऊन बसत होती, आन् कुनाला, तर तुमच्या थुकीला."